शब्दचर्चा : ‘स्विचिंग’ म्हणजे चालू-बंद नव्हे

गिरगावहून, विचारणा
सोसायटीच्या सुरक्षा कक्षासाठी मराठी सूचनापत्रक करायचं आहे. सीसीटीव्हीची यंत्रणा जुनी, कोॲक्सियल (चित्राचा सिग्नल नेणाऱ्या जाड गोल) केबलवरची : ३२ कॅमेरे, ४ स्क्रीन, मध्ये मॅट्रिक्स स्विचर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या स्क्रीनवर हे ठरवणारं यंत्र) आणि जॉयस्टिकचा कीबोर्ड. पहिल्या मसुद्यात ‘स्विचिंग’ला ‘चालू-बंद करणे’ असं लिहिलंय. चालेल का? ड्वेल टाइम, साल्व्हो, प्रीसेट, पॅटर्न, टर्मिनेशन, लाइन लॉक हेही अडलेत.

परळहून
चालू-बंद आधी खोडा. स्विचर कॅमेरा बंद करत नाही. त्याचं चित्र कुठल्या स्क्रीनवर जायचं एवढंच तो बदलतो. रेल्वेत सांधा बदलतात तसंच हे, गाडी चालूच असते, रूळ बदलतो. ‘कॅमेरा बंद करा’ असं वाचलेला माणूस त्या बटणाला हातच लावणार नाही, रेकॉर्डिंग जाईल या भीतीने. ‘चित्र वळवणे’ लिहा, यंत्राला स्विचरच राहू द्या.

मॅट्रिक्स समजावताना मागावरचे धागे सांगा. उभे धागे कॅमेरे, आडवे धागे स्क्रीन. ३२ आणि ४ चे १२८ छेद होतात, आणि ज्या छेदावर जोड लागेल तो कॅमेरा त्या स्क्रीनवर दिसतो. एकच कॅमेरा चारही स्क्रीनवर चालतो, पण एका स्क्रीनवर एका वेळी एकच. क्वाड हे यंत्र वेगळं : ते चार चित्रं लहान करून एका स्क्रीनवर मांडतो.

खरेदीच्या यादीत नुसतं ‘स्विच’ मात्र कधीच लिहू नका. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, आज ‘स्विच’ म्हटलं की नेटवर्क स्विच हातात येतो. तो डेटा वाटतो, बीएनसीची (कॅमेऱ्याच्या कोॲक्सियल केबलच्या टोकाच्या जोडणीची) केबल त्याला लागतच नाही. यादीत ‘व्हिडिओ मॅट्रिक्स स्विचर, ३२ इनपुट, ४ आउटपुट’ असं पूर्ण हवं.

मुलुंडहून
ड्वेल टाइमला ‘थांबा’. चित्रं आळीपाळीने फिरताना एकेक किती सेकंद टिकतं, तो थांबा. लोकलच्या शहरात हा शब्द समजावावा लागणार नाही. ३२ कॅमेरे एकाच स्क्रीनवर ५ सेकंदांच्या थांब्याने फिरवले तर तोच कॅमेरा परत दिसायला १६० सेकंद जातात. तेवढ्या वेळात माणूस फाटकातून आत येऊन जिन्यापर्यंत पोचतो. चार स्क्रीनवर आठ-आठ वाटले तर फेरी ४० सेकंदांवर येते.

साल्व्हो म्हणजे ‘फैर’. मूळ शब्द तोफांचाच : एका आज्ञेने अनेक स्क्रीनवरची चित्रं एकदम बदलतात.

प्रीसेट म्हणजे फिरत्या कॅमेऱ्याची ‘नेमलेली जागा’, दिशा आणि झूम दोन्ही धरून. अशा जागा क्रमाने घेतल्या की ‘गस्त’. पॅटर्न वेगळा. तिथे हाताने जॉयस्टिक जशी फिरवली तशीच चाल कॅमेरा पुन्हा पुन्हा करतो, म्हणून ‘गिरवण’ सुचवतो.

परळहून
गिरवण उत्तम. ‘फैर’ अर्थाने अचूक, पण सुरक्षा कक्षाच्या भिंतीवर ‘फैर झाडा’ लावता येणार नाही. ‘एकगठ्ठा बदल’ करा.

दादरहून
टर्मिनेशनचं ‘समाप्ती’ करू नका, तो ७५ ओहमचा ‘शेवटचा रोध’ आहे. एक केबल मॅट्रिक्समधून पुढे रेकॉर्डरला जात असेल तर रोध फक्त शेवटच्या यंत्रावर हवा, मधल्यावर बंद. एक व्होल्टचा सिग्नल दोन्ही यंत्रांवर रोध लागला की सुमारे ०.६७ व्होल्टवर येतो आणि चित्र मंद दिसतं. कुठेच नसेल तर तो जवळपास दुप्पट होतो, चित्र भगभगीत, कडांना सावली. लोक कॅमेरा बदलतात आणि दोष तसाच राहतो.

लाइन लॉकमधली ‘लाइन’ म्हणजे चित्राची ओळ नव्हे, विजेची लाइन. २४ व्होल्ट एसीवरचा कॅमेरा ५० हर्ट्झच्या विजेशी ताल धरतो, १२ व्होल्ट डीसीवरच्याला धरायला ताल नाही. ‘वीजताल’ म्हणता येईल. कॅमेऱ्यांचा ताल एकमेकांशी जुळलेला नसेल तर चित्र वळवताना स्क्रीनवर क्षणभर घरंगळतं. दोन विंगची वीज वेगळ्या फेजवर असेल तर १२० अंशांचा फरक पडतो. मग कॅमेऱ्यावरचं व्ही-फेज, म्हणजे ताल मागेपुढे करायची सोय, जुळवून घ्यायचं.

गिरगावहून
एक राहिलं. कॅमेरा ९ चं चित्र येतं, पण जॉयस्टिकला तो हलत नाही. हे ‘स्विचिंग’मध्ये लिहायचं का?

मुलुंडहून
नाही, ‘नियंत्रण’मध्ये. चित्राची केबल वेगळी, आज्ञेची आरएस-४८५ ची दोन तारांची जोडी वेगळी. क्रमाने बघा : कॅमेऱ्याचा पत्ता ९ आहे का, प्रोटोकॉल (आज्ञांची भाषा) आणि बॉड दर (आज्ञा पाठवण्याचा वेग) कीबोर्डशी जुळतात का (पेल्को-डी हा प्रोटोकॉल बहुधा २४०० वर असतो), दोन तारा उलट तर लागल्या नाहीत ना. दोन कॅमेऱ्यांना एकच पत्ता पडला तर दोघेही एकदम फिरतात. पत्ता ज्या बारीक डिप-स्विचांनी लावतात ते मात्र खरोखरच चालू-बंदचे. त्यांना ‘खटके’ म्हणा.