विषय: मोर्झीन (फ्रेंच आल्प्स), जुलै: भाड्याच्या सायकलींचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला! शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय

प्रेषक: अंजली

मंडळी,
शॅलेचं (तिथल्या मुक्कामाच्या घराचं) पक्कं झालंय, तो विषय परत काढू नका. आता अडलंय डोंगर उतरायच्या सायकलींवर. पाचजण तिथेच भाड्याने घेणार आहेत. दुकानाने कळवलंय की त्यांच्या सगळ्या सायकलींना तिकडच्या पद्धतीप्रमाणे डावा लिव्हर पुढच्या चाकाचा आणि उजवा मागच्या चाकाचा. ब्रिटनमधल्या आपल्या सगळ्यांच्या हाताला बरोबर उलटं बसलेलं आहे. शुक्रवारी आगाऊ रक्कम भरायची आहे. तशाच घ्यायच्या की बदलून मागायच्या? बदलून मागायच्या तर दुकानाला नेमकं काय लिहू?

प्रेषक: मिलिंद

अंजलीताई, बदलूनच मागा, आणि आजच लेखी मागा. आधी प्रत्येक सायकलीला कोणत्या कंपनीचे, कोणत्या मॉडेलचे ब्रेक आहेत ते विचारा, कारण कामात खूप फरक पडतो.

एसरॅमचे गाइड, जी२, कोड आणि मागुराचे एमटी५, एमटी७ यांचा लिव्हर दोन्ही बाजूंना चालतो. क्लॅम्प सैल करायचा, लिव्हर होजसकट (ब्रेकच्या तेलाच्या नळीसकट) पलीकडे नेऊन उलटा बसवायचा. तेलाला हात लावावा लागत नाही. गियरचा शिफ्टर किंवा ड्रॉपरचा (सीट खाली-वर करण्याचा) लिव्हर ब्रेकच्याच क्लॅम्पवर असेल तर तो क्लॅम्प जागेवर ठेवून फक्त ब्रेकचा लिव्हर बदलायचा. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. पुढची होज आखूड असते, ती ताणली जाता कामा नये.

शिमानोचे लिव्हर डावा-उजवा वेगळे असतात. तिथे होज लिव्हरपाशी सोडून अदलाबदल करावी लागते: ८ मिमीचा पाना, दरवेळी नवं ऑलिव्ह (होजच्या जोडावर आवळली जाणारी रिंग) आणि नवा इन्सर्ट (होजच्या टोकात घुसवायची बारीक नळी), नट ५ ते ७ न्यूटन-मीटर, मग फनेल लावून ब्लीड, म्हणजे तेलातली हवा काढणं. जुनं ऑलिव्ह परत वापरलं की उभं असताना गळत नाही, जोरात दाबल्यावर गळतं.

ब्रेकचं तेल शिमानोत मिनरल ऑइल, कोड आणि जी२ मध्ये डॉट ५.१. चुकून एकात दुसरं गेलं तर सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. दुकानात हे माहीत असतंच, पण आपल्यापैकी कुणी तिथे बाटली घेऊन मदतीला जाऊ नये.

प्रेषक: शिरीष

मिलिंद, तू लिहिलंस ते वर्कशॉपसाठी बरोबर आहे. जुलैत मोर्झीनच्या दुकानात ते तसंच होईल याची खात्री कोण देणार? संध्याकाळी सायकली परत येतात, सकाळी पुन्हा जातात. त्या घाईत केलेल्या ब्लीडपेक्षा कारखान्यातून आलेला, न उघडलेला ब्रेक मला जास्त भरवशाचा वाटतो, मग तो उलट्या हाताला का असेना.

पहिला अर्धा दिवस मोर्झीनच्याच प्लेनी डोंगराच्या हिरव्या-निळ्या (सोप्या) ट्रेलवर घालवायचा. आधी सपाटीवर फक्त डाव्या बोटाने थांबायचं, मग फक्त उजव्या, मग दोन्ही. ज्यांच्या हाताला दोन्ही बसत नाही त्यांनी त्या दिवशी वर जायचंच नाही. मागच्या वर्षी वेल्सला सगळ्यांना एकाच ट्रेलवर नेण्याचा जो हट्ट झाला तो या वेळी नको.

प्रेषक: मिलिंद

शिरीषदादा, घाईच्या ब्लीडबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून तपासणी आपण करायची. लिव्हर घट्ट दाबून दहा सेकंद धरा. तो हळूहळू हँडलकडे सरकत असेल तर आत हवा आहे किंवा गळती आहे. भराभर पाच-सहा वेळा दाबल्यावर कडक होत असेल तरी हवाच. नटाभोवती टिश्यू गुंडाळून पुन्हा दाबा, डाग पडला की सायकल परत करा. एका सायकलीला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पण अर्ध्या दिवसाच्या सरावाने सवय मोडते, हे मला पटत नाही. सपाटीवर विचार करून ब्रेक मारता येतो. उतारावर हात आधी चालतो, डोकं नंतर. आणि खरा धोका उजव्या हाताचा नाहीच. घाबरून उजवा दाबला तर मागचं चाक घसरेल, सायकल थांबायला वेळ लागेल, इतकंच. धोका डाव्याचा आहे. अरुंद वळणावर मागचं चाक जरा घसरवायला आपण डावं बोट बिनधास्त आवळतो. तेच पुढच्या चाकावर आलं की चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. स्विस बाजूच्या शाँपेरीचा उतार, ओली मुळं आणि उलटे ब्रेक हे एकत्र येऊ देऊ नका.

प्रेषक: वैशाली

शाँपेरीचं नाव निघालं म्हणून. २०११ ची जागतिक डाउनहिल स्पर्धा झालेला तो ट्रॅक आपल्या कार्यक्रमात नाही आणि नसावा. स्विस बाजूला आपण मोसेटच्या शिखरावरून (२२७७ मीटर) ले क्रोझेकडे उतरणार आहोत, तेवढंच.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट वाचा. जिनिव्हाला उतरलो तरी मुक्काम फ्रान्समध्ये आहे, म्हणून शेंगेन व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे. अर्ज सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत आणि पंधरा दिवसांच्या आत आलेला चालत नाही. अपॉइंटमेंटला जास्त वेळ लागतो, ती आत्ताच घ्या. ट्रेलवर सीमा ओलांडताना वेगळा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट मात्र पाठीवरच्या पिशवीत हवा.

मोसेटला फोन स्विस टॉवर पकडतो. तुमच्या पॅकेजमध्ये स्वित्झर्लंड नसेल तर रोमिंग बंद ठेवा आणि नकाशे आधी उतरवून घ्या. विम्यात बाइक पार्क आणि डोंगरावरून सुटका हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत. जीएचआयसी (ब्रिटनच्या सरकारी आरोग्य) कार्डात सुटकेचा खर्च येत नाही.

प्रेषक: केतन

वैशालीताई, ई-बाइकवाल्या दोघांचं काय ठरलं? प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची बॅटरी चालत नाही, त्यांच्या ५०० आणि ६२५ च्या आहेत. एकतर तिथे भाड्याने घ्या किंवा गाडीने फोकस्टनवरून (चॅनल बोगद्यातून) या. सुमारे हजार किलोमीटर आहे. मागच्या रॅकने नंबरप्लेट झाकली तर दुसरी प्लेट लावावी लागेल.

स्वतःची सायकल विमानाने नेणाऱ्यांसाठी: पेडल काढताना डाव्याचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. डिरेलर (मागची गियर बदलणारी यंत्रणा) हँगरवरून (तो फ्रेमला धरणाऱ्या पट्टीवरून) सोडून चेनसकट फ्रेमला बांधा. तुमच्या फ्रेमचा सुटा हँगर बरोबर घ्या, तो मोर्झीनला मिळेलच असं धरू नका. खोका मऊ असेल तर रोटर (ब्रेकच्या चकत्या) काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, त्यासाठी टी२५ किंवा सेंटरलॉकचं टूल विसरू नका. ट्यूबलेस टायरमधली हवा पूर्ण सोडू नका, टायरची कड (बीड) रिमवरून सुटते. दहा-पंधरा पीएसआय राहू द्या. एका खोक्याला ३२ किलोची कमाल मर्यादा आहे आणि बऱ्याच तिकिटांवर २३ च असते.

कॅलिपरमध्ये (चाकाजवळच्या ब्रेकच्या पकडीत) दोन पॅडच्या मधे स्पेसर घातलाच पाहिजे. चाक नसताना कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात. तसं झालंच तर पॅड जागेवर ठेवून प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळू मागे ढकला, स्क्रूड्रायव्हर नको. तिथे पोहोचल्यावर सायकल तासभर सरळ उभी करून लिव्हर दाबत राहा. प्रवासात आडवी-उलटी झाल्यामुळे लिव्हरच्या टाकीतला हवेचा बुडबुडा होजमध्ये गेलेला असू शकतो.

प्रेषक: शिरीष

स्पेसर ठीक. पॅडबद्दल कुणीच लिहिलं नाही. लिफ्टने वर जाऊन दिवसभर उतरायचं म्हणजे आपल्या इथल्या कित्येक रविवारांचं ब्रेकिंग एका दिवसात. पाऊस पडला तर रेझिन (सेंद्रिय) पॅड त्या चिखलात एका दिवसातही संपू शकतात. सिंटर्ड (धातूचे) घ्या, दोन जोड्या जास्त. मात्र रोटरवर ‘फक्त रेझिन’ अशी खूण असेल तर सिंटर्ड चालणार नाहीत, आधी रोटर बदला. शिमानोचा रोटर १.५ मिमीपर्यंत झिजला असेल तर तो इथेच काढून टाका. नवे पॅड घरीच बसवून घ्या: मध्यम वेगातून वीसेक वेळा वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता. तिथे पहिल्याच उतारावर नवे पॅड लावले की ते काचेसारखे गुळगुळीत होतात आणि मग आठवडाभर किंचाळतात.

उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी जोरात मारा आणि सोडा, सोडलेल्या वेळातच रोटर निवतो.

प्रेषक: नंदिनी

ब्रेकचं चालू द्या, स्वयंपाकाचं मी बघतेय. मागे ठरल्याप्रमाणे मीच बघणार, समांतर यादी कुणी करू नका. ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, चक्का, पनीर काहीही बॅगेत नको. तिथे बिनमिठाचं लोणी (पाकिटावर doux म्हणजे ‘दू’ लिहिलेलं) घेऊन पहिल्याच संध्याकाळी कढवू. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला चालेल. शॅलेची शेगडी इंडक्शनची आहे, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणू नका.

प्रेषक: केतन

नंदिनीताई, पोह्यांपेक्षा सकाळी थालीपीठ ठेवा, लिफ्टच्या रांगेत खिशातून खाता येतं.

प्रेषक: अंजली

दुकानाचं उत्तर आलं. तीन सायकलींना एसरॅम कोड, दोनांना शिमानो. कोडच्या तिन्ही ते फुकट बदलून देतात. शिमानोसाठी होजचं सामान आणि ब्लीडचे वेगळे पैसे, आणि सायकली आदल्या दुपारी तयार ठेवतील. मी असं लिहून पाठवलंय: पाचही सायकलींना उजवा लिव्हर पुढचा, शिमानोला नवं ऑलिव्ह आणि इन्सर्ट, सिंटर्ड पॅड, मागचा टायर जाड केसिंगचा, ताबा शनिवारी चार वाजता. परत करताना ब्रेक पूर्ववत करणं त्यांच्याकडे.

चार वाजता मिलिंद आणि शिरीषदादा दोघंही दुकानात हवेत. दहा सेकंदांची तपासणी पाचही सायकलींवर, आणि जी नापास होईल ती तिथेच बदलून घ्यायची. शिरीषदादांचा प्लेनीवरचा अर्धा दिवस रविवारी सकाळी ठेवलाय, स्वतःची सायकल आणणाऱ्यांसाठीसुद्धा.

जास्तीचे पैसे पाचजणांत समान. आगाऊ रक्कम आज भरतेय. विमानतळाच्या गाडीला खोक्यांचा आकडा द्यायचा आहे, केतन, तो उद्या दुपारपर्यंत कळव.