सांभाळून घेणं कुठे संपतं आणि लाड कुठे सुरू होतात?

टॅलीवाली

वय ४६. पुण्यात सहकारनगरला राहते, टिळक रोडवर एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. सतरा वर्षं खुर्ची तीच, कुशन तेवढं दोनदा बदललं.

जूनमध्ये सहज केलेल्या तपासणीत साखरेचं एचबीएवनसी ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, याला अजून मधुमेह म्हणत नाहीत, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. गोळी नको, तीन महिने चाला, रात्रीचं लवकर जेवा, मग परत बघू. माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा याच दुखण्यात गेला, त्यामुळे मला फार समजवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पर्वती. तारीख २१ जून, म्हणजे योगदिन, पण तो निव्वळ योगायोग. पायऱ्या १०३ हे सगळ्या पुण्याला पाठ आहे. मला पहिल्या आठवड्यात त्या तीनशे वाटल्या.

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय आहे. त्याच्या खिळ्याला सुतळीने लाल पेन बांधलं. पर्वती उतरून घरी आलं की चहाच्या आधी त्या दिवसाच्या चौकोनात फुली. दुधाचे आकडे, सिलेंडर लावल्याची तारीख, बाईंचे खाडे आणि त्यांच्यात माझी फुली. अशा सत्तर फुल्या झाल्या. एकही खाडा नाही. छत्री उलटी झाली तरी गेले, गणपती आणायच्या दिवशी पहाटे पाचला गेले.

गौरी यायच्या आदल्या दिवशी आई (सासूबाई) बाथरूममध्ये घसरल्या. मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, आणि गौरी काही थांबत नाहीत, त्या आल्याच. पुरण मी रात्री साडेबाराला वाटलं. पहिले चार दिवस पर्वती झाली नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. खरं बिनसलं ते पाचव्या दिवशी. साडेपाचला जाग आली. चांगली टक्क जाग. घर शांत होतं, आईही झोपल्या होत्या. मी पडून राहिले आणि मनात आलं, सत्तरची माळ तुटलीच आहे, आता कशाला? त्याच दुपारी ओट्याशी उभी राहून डब्यातल्या उरलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या. तीन. गार, तुपाशिवाय. आवडीने म्हणाल तर एकही नाही, नुसत्या रागाने.

तेव्हापासून आजपर्यंत चौकोन कोरे. आज मोजले, २४. मी तिथेच चहा गाळते, त्यामुळे रोज सकाळी ते दिसतात आणि डोक्यात सुरू होतं, "जाडे, तू आयुष्यात काय तडीस नेलंयस?" वीस तारखेला ऑफिसात थ्रीबी (जीएसटीचं रिटर्न) भरायची गडबड होती. आर्टिकलशिपच्या पोराने नेमकी एक एंट्री उलटी मारली. पोरगं पांढरंफटक. मी म्हटलं, "अरे, होतं. रिव्हर्स कर आणि पुढे चल." घरी येताना बसमध्ये लक्षात आलं, की माझ्या वाट्याला हे वाक्य मी कधी येऊच देत नाही.

मैत्रीण म्हणते, स्वतःशी जरा मायेने वाग. वागीन हो, पण मायेमायेने रिपोर्टवर सात आला तर? त्याच वीस तारखेला माझी परत तपासणी करायची होती. थ्रीबी होतं, हे कारण झालं. एकवीसला काय होतं? बावीसला?

आहाराचे सल्ले नकोत. दीक्षित की दिवेकर यावरून आमच्या घरात आधीच दोन तट आहेत. सांभाळून घेणं कुठे संपतं आणि लाड कुठे सुरू होतात, हे तुम्ही कसं ओळखता, एवढंच सांगा.

रोखठोक

ताई, राग मानू नका. आपण मराठी माणसं स्वतःला समजून घेण्यात पटाईत आहोत, त्यासाठी वेगळा क्लास नको. आमचा सकाळचा पळणाऱ्यांचा ग्रुप आहे, नाशिकला गोदाकाठी. खाडा झाला की पन्नास रुपये दंड, कारण विचारत नाही. कारण विचारायला लागलो की प्रत्येकाकडे कारण असतंच. मार्चअखेर त्या पैशांची मिसळ खातो (हो, तर्रीसकट). माझ्यापुरतं सांगतो, कोणीतरी डोक्यावर बसल्याशिवाय मी हलत नाही. तुम्हीही ग्रुप धरा.

साताऱ्याचा एसटीवाला

रोखठोकराव, दंड ठीक आहे, पण तुमच्यात तो दुसरा घेतो आणि शेवटी मिसळ मिळते. ताई स्वतःच दंड लावतात, स्वतःच भरतात, आणि मिसळ कुठेच नाही.

ताई, मला साखर लागून २४ वर्षं झाली. वर्कशॉपात हेड मेकॅनिक होतो. २०११ साली पुतणीच्या लग्नात चार दिवस हात सैल सुटला. घरी आल्यावर साखर मोजायचं मशीन लावायची हिंमत होईना. आज नको, दोन दिवस नीट खातो, आकडा जरा खाली येऊ दे, मग लावतो. असं करत ते मशीन देवघराच्या कपाटात, तेलवातीच्या डब्यामागे गेलं. तिथे चौदा महिने होतं. मी काही रोज गुलाबजाम खात नव्हतो हो. नुसता बघत नव्हतो. तळपायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा बायकोने हाताला धरून नेलं. एचबीएवनसी ९.८.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. दोन मोदक खाऊन मशीन काढलं, तर मी स्वतःला सांभाळतोय. एक मोदक खाऊन मशीन लपवलं, तर काहीतरी गडबड आहे. मोदक किती, हा हिशोब नंतरचा.

आणखी एक. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, कारण रक्तातली तांबडी पेशी जगतेच जेमतेम १२० दिवस. त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जास्त असतो हे खरं, म्हणजे तुमचे २४ दिवस दिसतील. पण सत्तर दिवसही दिसतील. ते पुसून गेलेले नाहीत. गौरीच्या तीन पोळ्या तर त्या सरासरीत शोधूनही सापडायच्या नाहीत. फोन करा आणि तारीख घ्या.

कोंबिनीपर्यंत

मी तोक्योत, निशिकासाईला राहते, म्हणून एक स्थानिक गंमत सांगते. ते दहा हजार पावलांचं खूळ इथलंच. १९६४ च्या ऑलिंपिकनंतर इथे चालण्याची लाट आली आणि १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केइ', म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. आकडा दुकानातून आला, दवाखान्यातून नाही! मला हे कळलं तेव्हा मी दोन वर्षं ९,६०० वर रडत होते.

मुलगी झाल्यावर सगळंच कोसळलं. तेव्हा मी दुसरा एक आकडा ठरवला, खालचा. बिल्डिंगखालच्या कोंबिनीपर्यंत (आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानासारखं, फक्त चोवीस तास उघडं) जायचं आणि परत यायचं. सहा मिनिटं. ताप असेल तरच नाही. त्या सहा मिनिटांनी वजन बिजन काही घटलं नाही, पण बूट दारातच राहिले, माळ्यावर गेले नाहीत. तुझा तसा एखादा खालचा आकडा आहे का गं? की १०३ नाहीतर शून्य?

तासावरची बाई

नांदेडला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

त्या तीन गार पुरणपोळ्यांवर एक प्रयोग अगदी बेतल्यासारखा बसतो. २००७ साली अॅडम्स आणि लिअरी या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलींना आधी डोनट खायला लावला. मग काहींना दोन शब्द सांगितले: हे सगळेच खातात, स्वतःला लावून घेऊ नका. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. पुढे सगळ्यांसमोर चॉकलेट-गोळ्यांचे वाडगे ठेवले, चव बघायच्या निमित्ताने, हवं तेवढं खा. एरवी खाण्यावर कडक पहारा ठेवणाऱ्या ज्या मुलींना ते दोन शब्द मिळाले होते, त्यांनी तशाच पण शब्द न मिळालेल्या मुलींपेक्षा कमी खाल्लं. म्हणजे मायेने जीभ सुटली नाही. उलट "बाटलोच आहे तर होऊ दे" हा जो सूर असतो, तो लागला नाही.

दुसरं, माळ तुटण्याबद्दल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशोबाने २५४. मधला आकडा ६६. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून घडी विस्कटली नाही. एखादा हं, चोवीस नाहीत. तो आधार मी तुम्हाला खोटा देणार नाही.

रोखठोक यांचं एक मला पटतं. कारणं सगळ्यांकडे असतात. पण म्हणून सगळी कारणं सारखी नसतात. मोडलेलं मनगट आणि सकाळची गुलाबी थंडी यांना एकच दंड लावला, की मनगटवाला माणूस ग्रुप सोडतो.

टॅलीवाली

सगळ्यांना एकदम उत्तर देते.

एसटीवाले काका, तेलवातीच्या डब्यामागचं मशीन वाचून पोटात गोळा आला. फोन केला. शुक्रवारची वेळ मिळाली.

तासावरच्या बाईंचं ते "सगळी कारणं सारखी नसतात" डोक्यात घोळत होतं, आणि मग माझ्याच धंद्यातली गोष्ट मला सुचली. आमच्याकडे व्हाउचरला खाली नॅरेशन लिहावं लागतं. रक्कम कशापोटी, ते एका ओळीत. नॅरेशन नसलं की वर्षअखेरीला कोणालाच काही आठवत नाही, आणि न जुळणारं सगळं सस्पेन्स नावाच्या खात्यात ढकललं जातं. माझे चोवीस चौकोन मी अख्खेच्या अख्खे सस्पेन्सला टाकले होते आणि वर नाव दिलं होतं 'जाडी'.

काल रात्री ओटा आवरल्यावर कालनिर्णय खाली काढलं. ऑगस्टचं पान उलटलं, तिथे दोन कोरे, बाकी सप्टेंबरात. पेन्सिलने एकेक आठवत लिहीत गेले. 'आई' नऊ वेळा आलं. 'थ्रीबी' तीन वेळा. लेकीचा ताप दोन. उरले दहा. तिथे हात अडला. 'पाऊस' लिहावंसं वाटत होतं, पण दहा दिवस सकाळी पाऊस नव्हता आणि मी तर जुलैत छत्री उलटी होईपर्यंत गेलेली बाई. लिहिलं, 'आळस'. दहा वेळा. चौथ्या-पाचव्यापासून अक्षर बारीक होत गेलं, ते दिसतंय.

लेक मागून वाचत होती. म्हणाली, "आई, तुझा आळस दहाच दिवसांचा? मी तर समजले तू कायमची सोडलीस." मीही तसंच समजत होते. महिनाभर शिव्या देत होते, पण मोजले नव्हते. रोखठोक, हे दहा तुमच्या दंडाला पात्र आहेत, पाचशे रुपये मान्य. पण चोवीसचे बाराशे मी भरणार नाही.

कोंबिनी, खालचा आकडा नव्हताच माझा. आज सकाळी गेले. साठाव्या पायरीच्या आसपास दम लागला, बाजूला बसले. एक आजोबा, रोज दिसायचे ते, "बऱ्याच दिवसांनी?" म्हणाले आणि उत्तराला न थांबता वर गेले. मी तिथूनच परत फिरले. घरी येऊन फुली मारावी की नाही यावर माझ्यात आणि लेकीत वाद झाला. मी म्हणत होते नाही, अर्धंच झालं. तिने पेन ओढून घेतलं आणि चौकोनात एकच तिरकी रेघ मारली. आई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी दूधवाला अर्धा लिटर असाच लिहायचा."

साताऱ्याचा एसटीवाला

शाबास. शुक्रवारी जाण्याआधी दवाखान्यात विचारून घ्या. एचबीएवनसीला उपाशी जावं लागत नाही. पण सोबत उपाशीपोटीची साखरही सांगितली असेल, तर आठ तास काही नको, सकाळचा चहासुद्धा नाही. आणि आकडा काहीही येवो, इथे टाका.