माळ घातल्यावर काळा रस्सा: सोयाबीनची वडी की पातोडी?

वरणगावची सून: सासऱ्यांनी यंदा माळ घातली. मटण सुटलं, पण रविवारचा काळा रस्सा काही सुटेना. मी मसाला तोच करते. सुकं खोबरं पार काळपट होईस्तोवर भाजायचं, कांदा सालासकट गॅसवर, दगडफुलाला हात आखडायचा नाही. फक्त मटणाच्या जागी सोयाबीनच्या वड्या. सासरे कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी चुरून खातात. नणंदबाई म्हणतात, "सोडलं तर सोडलं, नक्कल कशाला?" माझं म्हणणं, मटण सोडलंय, मसाला नाही. तुमचं काय मत?

चोपड्याचा भाऊ: नणंदबाई बरोबर. काबर मटणनं नाव खराब करी ऱ्हायनात? वडी म्हणजे रबर चावल्यासारखं. आपल्याकडे बेसन थापून केलेली पातोडी आहे, रस्श्यात सोडायचे बेसनाचे डुबुक वडे आहेत, शेवभाजी आहे. काळ्या मसाल्यात सगळं शोभतं आणि कुणाचं सोंगही घ्यावं लागत नाही.

अमळनेरकर: पातोडीत चावायला काय असतं भाऊ? रस्श्यात जरा जास्त राहिली की सगळं पाणी पिऊन बसते, मग वाढा पिठलं.

चोपड्याचा भाऊ: अहो, पातोडी ताटात घ्यायची आणि वरून उकळता रस्सा. उकळत ठेवायला कुणी सांगितलं?

वरणगावची सून: वडी रबर होते ती नीट पिळत नाहीत म्हणून. मिठाच्या पाण्यात उकळा, गार पाण्यात घालून घट्ट पिळा, उग्र वास जातो. मग दही, हळद, आलं-लसूण लावून ठेवा आणि तेलावर परता.

शिरपूरकर: खरी गोम तेलात आहे. ही वडी तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाची. कोरड्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 50 ग्रॅमच्या आसपास, चरबी नावालाच. मसाल्याचा वास तेला-चरबीत उतरतो. मटण शिजताना आपली चरबी सोडतं, वडी काहीच सोडत नाही. म्हणून तेल पळीभर जास्त घ्या, मसाला तेल सुटेस्तोवर परता, पाणी उकळतंच घाला. तर्री येते. नळीचा गर आणि हाडांचा चिकटपणा मात्र कशानेच येत नाही, तिथे चोपडेकर भाऊंचं खरं.

अमळनेरकर: कच्चा फणस?

शिरपूरकर: मिळाला तर उत्तम. आपल्या बाजारात रोज कुठे दिसतो?

यावलची लेक: तुमच्याकडे माळकऱ्याला कांदा-लसूण चालतो का हो ताई? आमच्याकडे तोही बंद. खोबऱ्याबरोबर तीळ-खसखस भाजते, आलं-हिंग घालते, रस्सा दाट होतो. पण मी पातोडीच्याच बाजूची. वडीला कुणी चुकून 'मटण' म्हटलं तरी आमचे बाबा ताटावरून उठतात.

वरणगावची सून: आमच्याकडे एकादशी सोडून कांदा चालतो. आणि आमच्या सासऱ्यांचं उलटंच. वाढायला गेलं की विचारतात, "नळी कुठंय?"