राजवाड्याजवळच्या गल्लीत दुचाक्या नीट कशा लागतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. राजवाड्याजवळ आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. शेजारच्या सराफा बाजारात दिवसा दागिने विकतात, रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. संध्याकाळी दोन्हीकडची गिऱ्हाइकं एकदम येतात आणि दुकानासमोर दुचाक्यांची गर्दी होते. पाट्या लावल्या, हात जोडले, उपयोग नाही. परवा एका आजींना गाड्यांमुळे पायरीपर्यंत येताच आलं नाही, फार वाईट वाटलं.

आठवडाभर नुसतं बघत बसलो. सकाळी पहिला माणूस गाडी जशी लावतो, त्याच तिरकेपणानं पुढच्या सगळ्या लागतात! पाटी कुणी वाचत नाही, शेजारची गाडी बघतात. ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर मुतारीत माशीचं चित्र काढलं, तर लोक आपोआप नेम धरू लागले. तसं काही जमिनीवर जमेल का?

महापालिकेची परवानगी घेऊन पट्टे मारायचे आणि पहिली गाडी रोज आमचीच सरळ लावायची, असा विचार आहे. ४५ अंशांत रस्ता मोकळा राहतो, पण गाड्या कमी मावतात, काटकोनात उलट. काय निवडावं? साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, मग पट्टा चाकाखाली हवा की दोन गाड्यांमध्ये? ग्वाल्हेर, बडोदा, पुणे, कुठेही कुणी केलं असेल तर सांगा. पावसाळ्यात रंग टिकला का, तेही.