माकुलाच्या (स्क्विडच्या) डोक्यातला तोलाचा अवयव सापडत नाही, मदत हवी आहे

नववीच्या मुलांना माकुलाचा मेंदू आणि ज्ञानेंद्रियं प्रत्यक्ष दाखवायची आहेत. माकुल बाजारातून ताजं, न साफ केलेलं आणतो.

डोळा सोपा जातो, गोल टणक भिंग अख्खं सुटून येतं. पोटाकडून धडाभोवतीचं मांसल आवरण उभं चिरलं की आतल्या भिंतीवरचे दोन ताराकृती मज्जापुंज (मज्जापेशींच्या गाठी) आणि त्यांतून फाकणारे पांढरे मज्जातंतू नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुलं तिथे हमखास खिळतात! डोळ्यांमागचे दृष्टिखंड, म्हणजे मेंदूचे नजरेचे भाग, तेही मिळाले.

अडलंय पुढे. मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा, कूर्चेच्या कवटीत असतो. ताजं डोकं वरून कापलं की त्याचा लगदा होतो. रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवल्यावर मेंदू घट्ट झाला, पण त्याच्या खालचे स्टॅटोसिस्ट, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या पोकळ्या, काही हाती लागत नाहीत. त्यांतला चुन्याचा बारीक खडा मुलांना दाखवायचाच आहे.

मुलांजवळ फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं विषारी रसायन) नको. सूक्ष्मदर्शक नाही, दहापट भिंग आहे. बाजारात कटलफिशही मिळतो.

कवटी नेमकी कुठून आणि किती खोल कापावी, म्हणजे खडा जागेवरच दिसेल? की यासाठी कटलफिशच घ्यावा?