प्रतिसाद: मंजुरी आहे, मग पैसे का नाहीत?

संजय गांधी निराधार योजनेची मंजुरी मिळूनही खात्यात पैसे येत नाहीत, अशी तक्रार एकाने मांडली आहे; त्याला हे उत्तर. तहसीलला खेटे घालण्याआधी आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला आहे का, ते तपासा. केवायसी (बँकेतली ओळख पडताळणी) झालं म्हणजे सीडिंग झालंच असं नसतं. गल्लत नेमकी इथेच होते. डीबीटीचे (थेट खात्यात येणारे सरकारी) पैसे आधारशी सर्वांत शेवटी सीड झालेल्या बँकेत जातात. मध्ये दुसरीकडे खातं उघडलं असेल तर ते पासबुकही भरून आणा, पैसे बहुधा तिथेच सापडतील. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बँकेचं नाव दिसतं. चुकीचं असल्यास हव्या त्या शाखेत संमतिपत्र द्या. आणि हो, दिव्यांग असाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायचा ५ टक्के निधी या योजनेहून वेगळा. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) यूडीआयडीची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत जोडून अर्ज द्या, पोच घ्याच.