मदत हवी आहे : बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, जि. सातारा. पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत', एवढंच घरात सांगतात. आजीच्या ट्रंकेत चांदीचं पदक मिळालं. त्याच्या कडेवर इंग्रजीत शिपाई नंबर, नाव आणि '११७ मराठाज' कोरलंय. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात पुष्कळ मेले.

मग पणजोबा वेढ्यात गेले, वाटेत, की आधीच? त्या युद्धात मेलेल्यांच्या बसरा स्मारकाच्या नोंदींत नाव शोधतोय, पण रोमन लिपीत आडनावाचं स्पेलिंग काय केलं असेल देव जाणे! गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं. नंबरावरून शोधता येतं का? बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरकडे इतक्या जुन्या शिपायांची कागदपत्रं कोणी मागवली आहेत का? अर्ज कसा केलात?

पदकासोबत मोडीतले दोन कागदही आहेत. एकावर 'पेनशन' असं काहीसं वाटतंय, म्हणजे पणजीला मिळत असावं. मोडी वाचणारं कोणी असेल तर फोटो पाठवतो. (फुकट नको, मानधन देईन.)

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव-आडनावावरून वंशावळ सापडते म्हणतात. पण युद्धात गेलेल्याचं श्राद्ध घरच्यांनी केलं असेल तर तिथीही मिळेल का?